बाइट नाही, बिट

कोकणात स्प्रिंग नसतो. गादीत स्प्रिंग असते, एसटीच्या सीटखाली असते, पण ऋतू म्हणून स्प्रिंग इथे कुणी पाहिलेला नाही. इथे शिमगा असतो. आंब्याला सुपारीएवढ्या कैऱ्या धरतात, काजूची बोंडं पिवळी पडतात आणि दुपारी जांभा दगड असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. पण श्रीवर्धनहून हरिहरेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्राकडे तोंड करून जी इंटरनॅशनल शाळा उभी राहिली, तिथे मात्र दर मार्चला स्प्रिंग यायचा. भिंतींवर कागदी ट्युलिप लागायची. खरं ट्युलिप तिथल्या एकाही पोरानं पाहिलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शिक्षकांनीही नव्हतं.

मधुवंती त्या शाळेत मराठी शिकवायची. शिकवायची म्हणजे आठवड्यातून दोन तास, तेही जेवणानंतरचे, पोरांच्या पेंगण्याच्या वेळचे. बाकी वेळ तिच्याकडे 'वीकली ॲक्टिव्हिटीज'. सोमवारी ब्लेझर घालून असेंब्ली. मार्चच्या घामात ब्लेझर, आता काय बोलायचं! मंगळवारी पोहणं, बुधवारी ग्रीन अवर म्हणजे आपलं बागकाम, गुरुवारी स्प्रिंग फेस्टची तालीम, आणि शुक्रवारी ह्या सगळ्याचे हसरे फोटो पालकांना ईमेलनं रवाना.

त्याखेरीज तिच्या गळ्यात आणखी एक लोढणं होतं, इंग्लिश चार्ट. वसतिगृहातलं जे मूल आठवडाभर मराठी-हिंदीचा शब्द तोंडातून काढणार नाही, त्याला शुक्रवारी संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल. ज्याचा शब्द निसटला त्यानं पुढच्या शुक्रवारची वाट बघायची. मराठीच्या तासाला तेवढी सूट. थोडक्यात काय, मराठी बोलणारी पोरं पकडायची ती मराठीच्या बाईंनी. प्रिन्सिपॉल देवव्रत सरांना ह्यात वावगं काही दिसत नव्हतं. मधुवंतीला पहिल्या वर्षी दिसायचं, पुढे सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, मेली.

चौथीत प्राप्ती नावाची एक मुलगी होती. उरणकडची, आगऱ्यांची. घरची मिठागरं आजोबांच्या काळातच गेली होती. आता बाप, दयाराम, त्याचे ट्रेलर बंदरावर चालायचे. आई प्राप्तीच्या बाळंतपणातच गेली. पोरीला लहानाचं मोठं केलं ते आजीनं, कृष्णाबाईंनी. दयाराम मोकळाढाकळा माणूस. ॲडमिशनच्या दिवशी मधुवंतीला म्हणाला, "मॅडम, मी कुठल्या ऑफिसात गेलो का समोरचा इंग्लिशमध्ये चालू होतो, न मी आपला नुसता यस-यस करत बसतो. लाज वाटते हो. माझी पोर तशी राहायला नको. तिला फाडफाड आलं पाहिजे."

कृष्णाबाई मागे उभ्या होत्या. शाळेच्या गुळगुळीत फरशीवरून चालायलाही त्या भीत होत्या. निघताना त्यांनी मधुवंतीचा हात धरला. "बाय, तू आपल्यातली दिसतंस. माजे पोरीवर ध्यान ठेव हां." आपल्यातली म्हणजे काय, तर मराठी बोलणारी. मधुवंती श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीवाल्यांची, ह्या उरणच्या. नातं ना गोतं. पण त्या इमारतीत म्हातारीला तेवढा आधार पुरला.

प्राप्ती हुशार होती, आणि बोलघेवडी. मराठीच्या तासाला बाकीची पोरं जांभया देत, ही एकटी आजीच्या घरच्या गोष्टी सांगून वर्ग डोक्यावर घ्यायची. पण चार्टवर तिचं नाव काही टिकत नव्हतं. एका आठवड्यात पोहताना पाणी नाकात गेलं आणि ती "आये!" म्हणून ओरडली. कॉल गेला. पुढच्या आठवड्यात तिच्या खोलीतली नेत्रा सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली की प्राप्ती झोपेत मराठी बोलते, "आजी, पानी दे" म्हणते. झोपेतलं धरायचं का, ह्यावर स्टाफरूममध्ये चक्क चर्चा झाली. धरायचं असं ठरलं. मधुवंतीनं स्वतःच्या हातानं चार्टवर फुली मारली तेव्हा प्राप्ती रडली नाही, नुसती बघत राहिली. पुढच्या सोमवारी मात्र ती मधुवंतीला गाठून म्हणाली, "मिस, धिस वीक ओन्ली इंग्लिश. प्रॉमिस. फ्रायडे आय टॉक टू माय आजी." मग जीभ चावून म्हणाली, "ग्रँडमदर."

तो बुधवार आला. ग्रीन अवरला त्या दिवशी फुलपाखरांची बाग करायची होती. शाळेमागच्या पडक्या गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, फुटके चिरे पोरांनी एकेक उचलून आणायचे आणि वाफ्याभोवती रचायचे, त्यात बिया टाकायच्या, फोटो काढायचे. उन्हं चांगलीच चढलेली. मधुवंती एका हातात मोबाइल धरून फोटो काढत होती आणि दुसऱ्या हातानं पोरांना सारखं करत होती. धनेश सर, कलेचे शिक्षक, लांबून ओरडत होते की सगळ्यांच्या टोप्या एका रंगाच्या दिसू देत.

तेवढ्यात प्राप्ती आली. उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत गच्च धरलेलं. चेहरा उतरलेला.

"मिस," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "ॲनिमल बाइट मी."

आणि मधुवंती काय म्हणाली? ती म्हणाली, "बाइट नाही, बिट. ॲन ॲनिमल बिट मी. से इट."

"ॲन ॲनिमल बिट मी," प्राप्ती म्हणाली.

"गुड. विच ॲनिमल? कॅट?"

"नो मिस."

"मंकी?" आदल्याच आठवड्यात एका मुलाला माकडानं ओरबाडलं होतं, त्यावर पालकांचे फोनवर फोन आले होते.

"नो मिस. स्मॉल."

"रॅट?"

प्राप्तीनं तोंड उघडलं. मिटलं. मागे वळून गडग्याकडे पाहिलं, पुन्हा मधुवंतीकडे पाहिलं. मधुवंतीला वाटलं, शब्द आठवत नाहीये बिचारीला. तिनं बोट पाहिलं. बोगनवेलीचा काटा लागल्यासारखे दोन बारीक लाल ठिपके. उंदीर नाहीतर खार, तिनं ठरवून टाकलं. "ओके. डोंट क्राय. नेत्रा, टेक हर टू सिस्टर." नेत्रा तिला हाताला धरून घेऊन गेली. धनेश सरांनी हाक मारली आणि मधुवंती पुढच्या फोटोला लागली.

आता ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायला हवं. ह्या किनाऱ्यावर, उरणपासून पार बाणकोटच्या खाडीपर्यंत, त्याचं नाव घेत नाहीत. साप म्हणत नाहीत. जनावर म्हणतात. वाडीत जनावर दिसलं, जनावर चावलं, जनावर गेलं एकदाचं. नाव घेतलं की तो माग काढत येतो, असं मोठी माणसं पोरांच्या मनावर अगदी बिंबवून ठेवतात. प्राप्ती हे आजीच्या मांडीवर शिकली होती, आणि मधुवंतीही तिच्या आजीच्या मांडीवर हेच शिकली होती. "बाई, जनावर चावलं," एवढे शब्द त्या पोरीच्या तोंडून निघाले असते तर मधुवंतीनं मोबाइल फेकून पोरीला उचलून गाडीत घातलं असतं. पण पोरीला शुक्रवारी आजीशी बोलायचं होतं. तिनं आपल्या परीनं शब्द इंग्लिशमध्ये नेला. आणि ज्या एका बाईला तो उलटा मराठीत आणता आला असता, ती व्याकरण दुरुस्त करत बसली! संताप येतो हो.

शाळेची नर्स रुचिता कामोठ्याची. कामाला चोख, पण तिकडे शहरात, फ्लॅटमध्ये वाढलेली. तिला काय कळणार? नेत्रानं सांगितलं, "ॲनिमल बाइट, मे बी रॅट." रुचितानं बोट साबणानं धुतलं, औषध लावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि पोरीला कॉटवर निजवलं. सगळं रीतसर.

जेवणानंतर मराठीचा तास होता. ह्या तासाला प्राप्तीला मोकळेपणी मराठी बोलता आलं असतं. तिची जागा रिकामी होती. मधुवंतीनं विचारलं तेव्हा नेत्रा म्हणाली की ती झोपलीय, हात सुजलाय, सिस्टर म्हणाल्या उद्यापर्यंत बरी होईल. त्या दिवशी 'माझा आवडता ऋतू' हा निबंध होता. पोरांनी पेंगत पेंगत लिहिला. मधुवंतीला तास जरा ओका-ओका वाटला, एवढंच.

संध्याकाळी ती श्रीवर्धनला घरी आली. चप्पल काढून, तोंडावर पाणी मारायला मागच्या दारानं विहिरीकडे निघाली, तर वाडीत काम करणारी आवडाबाई दगडी पाखाडीवरूनच, पायवाटेवरूनच, हातवारे करायला लागली. "वयनी, थांब! तिकडं जाव नुको. जनावर हाय."

मधुवंतीचे पाय जागच्या जागी थिजले. साडीचा घोळ हातात आला, ती दोन पावलं मागे सरली, नजर आपोआप जमिनीवर फिरायला लागली. कुणी शिकवावं लागलं नाही, विचार करावा लागला नाही. जनावर ऐकलं आणि अंग आपसूक मागे झालं.

आणि मग तिला ते ऐकू आलं. ॲन ॲनिमल बिट मी.

"अगं आई गं," ती म्हणाली आणि मोबाइल घ्यायला आत धावली.

घाईत नंबर लावला तो दुसऱ्यालाच लागला. मग रुचिता सापडली. रुचिताच आधी बोलायला लागली, घाबरलेली: मॅडम, प्राप्तीला दोन उलट्या झाल्यात, ऊन लागलं असेल, पण हिरड्यांतून रक्त येतंय, मी सरांना सांगितलंय, सर म्हणतायत सकाळी बघू...

"साप!" मधुवंती ओरडली. जन्मात कधी संध्याकाळच्या वेळी तिनं हे नाव घेतलं नव्हतं. "साप चावलाय तिला! फुरसं असणार, चिऱ्यात होतं! गाडी काढ, आत्ताच्या आत्ता काढ, मी दवाखान्यात येते!"

श्रीवर्धनच्या दवाखान्यात सर्पदंशावरची लस होती. डॉक्टर तरुण होता, त्यानं धावपळ केली, हाताला सुया लावल्या, नळीत रक्त घेऊन ते गोठतंय का बघत राहिला. ते गोठत नव्हतं. हात कोपरापर्यंत सुजून चकाकत होता. "सकाळी लगेच आणायला हवं होतं," तो म्हणाला. रागानं नाही, नुसतं म्हणाला. "कळलं कसं नाही तुम्हाला?" मधुवंतीनं कॉटवर वाकून पोरीच्या कपाळावर हात ठेवला. प्राप्तीनं डोळे उघडले.

"मिस," ती म्हणाली. "आय ॲम नॉट स्पीकिंग मराठी."

"बोल गं बाळा," मधुवंती म्हणाली. "बोल, काय वाटेल ते बोल, मराठीत बोल."

पण पोर बोलली नाही. तिला वाटलं असेल, बाई परीक्षा घेतायत.

तिला म्हसळ्यावरून पुढे मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. बाप आणि आजी तिकडेच परस्पर पोहोचले. शुक्रवारी सकाळी प्राप्ती गेली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. त्याच संध्याकाळी ईमेल गेला. आधीच वेळ लावून ठेवलेला होता, थांबवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शाळेतल्या झाडून सगळ्या पालकांना फोटो गेले, त्यात एक प्राप्तीचा: डोक्यावर टोपी, दोन्ही हातांत चिरा, हसते आहे. दयारामच्या मोबाइलवरही गेला.

सोमवारी असेंब्लीत सगळी पोरं ब्लेझर घालून मौन पाळून उभी राहिली. मग देवव्रत सरांनी मधुवंतीला केबिनमध्ये बोलावलं. तिच्याशी ते पहिल्यांदाच मराठीत बोलले, चांगलं स्वच्छ मराठी. "मॅडम, आज तिच्या घरचे सामान न्यायला येतायत. विचारतील. तुम्हाला खोटं बोलायला मी सांगत नाहीये, बरं का. ती साप म्हणाली का? नाही ना? मग एवढंच सांगायचं. मुलीनं साप चावल्याचं कुणालाही सांगितलं नाही. हे खरंच आहे. विषय संपतो. शाळा राहिली पाहिजे, बाकीच्या पोरांचं बघायला हवं."

खरंच होतं ते. म्हणूनच मधुवंतीच्या अंगाची आग झाली. पोर मेली ती मेली, वर दोषही तिच्याच माथी! सांगितलं नाही म्हणे! पहिल्यांदा मलाच सांगितलंन, मी तिथेच उभं करून व्याकरण घोकून घेतलं, आणि सांगितलं नाही म्हणे!

पण खरं सगळं सांगायचं तर आणखी एक गोष्ट सांगावी लागणार होती, आणि तिथे तिची जीभ अडत होती. पोरीनं साप का म्हटलं नाही? आजीनं शिकवलं म्हणून. ॲनिमल हा शब्द त्या म्हातारीपुढे ठेवायचा म्हणजे तिच्या हातात सुरी द्यायची, की घे बाई, तुझ्याच शिकवणीनं तुझी पोर गेली. एवढं दुष्ट कुणी व्हावं? शनिवार-रविवार मधुवंतीनं ह्याच विचारात काढला होता. शेवटी तिनं ठरवलं होतं. पोरीनं सांगितलं हे दडवायचं नाही, आणि पुरतं खरंही सांगायचं नाही. सगळं आपल्या अंगावर घ्यायचं. नोकरी जाईल, कदाचित पोलीस येतील. येऊ देत.

दुपारी दयाराम आणि कृष्णाबाई आले तेव्हा देवव्रत सरांनी मधुवंतीला पुन्हा केबिनमध्ये बसवून घेतलं होतं. दयारामची दाढी वाढलेली, अंगातला माणूस कुणी काढून नेल्यासारखा. त्यानं वसतिगृहातून पोरीची ट्रंक उचलली आणि ती उरावर धरूनच केबिनच्या दारात उभा राहिला. कृष्णाबाई ह्या वेळी फरशीला भ्याल्या नाहीत. सरळ केबिनमध्ये आल्या आणि देवव्रत सरांकडे न बघता मधुवंतीसमोर उभ्या राहिल्या.

"बाय, तो तुजा सर फोनवर बोलला का पोरीनं कोनाला काय सांगितलाच न्हाय. माजी पोर तशी न्हाय. तिला चिमटा लागला तरी सांगाची. तिनं सांगितलान ना?"

"सांगितलं, आजी," मधुवंती म्हणाली. "लगेच सांगितलं. मलाच."

"मॅडम," देवव्रत सर म्हणाले.

"काय बोलली?"

"साप." मधुवंतीनं मनाचा हिय्या केला. "बाई, साप चावला, असं म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. फोटो काढत होते मी. चूक तिची नाही, आजी, कुणाचीच नाही, माझी आहे. मला काय वाटेल ते बोला."

देवव्रत सर खुर्चीतून अर्धवट उठून तसेच राहिले. दयारामनं ट्रंक खाली ठेवली. पण कृष्णाबाईंनी मधुवंतीच्या तोंडाकडे बघत मान हलवली.

"न्हाय. ती नाव घ्येनार न्हाय. मी शिकवलेली हाय तिला. मेली तरी नाव घ्येनार न्हाय ती." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तू खोटा बोलतंस. कशापाय बोलतंस ता मना ठावं न्हाय. माजे पोरीचा सेवटचा बोलना हाय, बाय. जसा बोलली तसा दे मना."

आता मागे फिरायला जागाच नव्हती. मधुवंतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"इंग्लिशमध्ये बोलली, आजी. शुक्रवारी तुमच्याशी बोलायचं होतं ना, म्हणून. म्हणाली, ॲनिमल बाइट मी."

दयारामनं डोळे मिटून घेतले. त्याला तेवढं इंग्लिश कळत होतं.

"म्हंजे काय?" कृष्णाबाईंनी विचारलं.

मधुवंतीनं दयारामकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेलेच होते. सांगायचं तिलाच होतं. भाषा शिकवणारी तीच होती.

"जनावर," ती म्हणाली. "जनावर चावलं, असं म्हणाली."

आता म्हातारी कोसळणार, म्हणून मधुवंतीनं हात पुढे केला. पण कृष्णाबाई कोसळल्या नाहीत. त्यांनी तो शब्द एकदा तोंडात घोळवला आणि लेकाकडे वळून म्हणाल्या, "ऐकलास? बरोबर सांगितलान पोरीनं. अगदी बरोबर सांगितलान." त्यात थोडा अभिमानसुद्धा होता.

मग त्या पुन्हा मधुवंतीकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"न तुला जनावर म्हंजे काय ता ठावं न्हाय, बाय?"

"ठाऊक आहे, आजी," मधुवंती म्हणाली.